क्वार्टरबॅक पाहिजे, अल्पोपाहाराची सोय आहे

मागच्या सभेचं इतिवृत्त सभासदांना आठ दिवस आधी मिळायला हवं होतं, एवढंच श्रीनिवास म्हणाला. या वाक्यात अध्यक्ष होण्याची इच्छा कुठेही नव्हती, हे तो पुढे बरेच दिवस भेटेल त्याला समजावून सांगत होता.

तो खरं तर दुकानातून परतताना निहारिकाला घरी न्यायला थांबला होता. सिडनीतल्या पेंडल हिलच्या मैदानाशेजारच्या हॉलमध्ये 'पॉसम्स' नावाच्या क्लबची वार्षिक सभा चालू होती, मुलगी अजून मैदानावर होती, बाहेर बोचरा वारा होता, म्हणून तो शेवटच्या रांगेत जाऊन बसला. आता श्रीनिवासचे वडील पद्माकरराव म्हणजे कोथरूडच्या एका सोसायटीचे अर्ध्या आयुष्याचे सेक्रेटरी. ज्या घरात आमटीबरोबर गणपूर्ती आणि कोशिंबिरीबरोबर विषयपत्रिका वाढली गेली, त्या घरातल्या माणसाचा हात सभेत आपोआप वर जातो. कोथरूडला असा हात वर गेला की अध्यक्ष 'नोंद घेतली' म्हणतात, कोणीतरी कोणाला तरी 'बसा हो' म्हणतं, आणि चहा येतो. इथे मात्र अख्खा हॉल मागे वळून त्याच्याकडे आशेने बघू लागला. मावळते अध्यक्ष कायमचे क्वीन्सलंडला निघाले होते, त्यांची कॅरॅव्हॅन दारातच उभी होती आणि हॉलची किल्ली कोणाच्या गळ्यात घालावी एवढीच त्यांना चिंता होती. ग्लेन नावाचा गोरा, जाडजूड कोच म्हणाला, "मेट, तू कागद वाचणारा माणूस दिसतोस." मग त्याने श्रीनिवासचा उजवा खांदा दाबून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. हे खांदा दाबणं श्रीनिवासला विचित्र वाटलं, पण दुसऱ्या देशात आल्यावर माणूस बऱ्याच गोष्टी चालवून घेतो. पाच मिनिटांत तो बिनविरोध निवडून आला.

"बाबा, तू काय केलंस?" गाडीत बसल्यावर निहारिका म्हणाली. "यू वेअर सपोज्ड टू वेट इन द कार."

पॉसम्स जो खेळ खेळतात त्याला फ्लॅग फुटबॉल म्हणतात. नावात फूट असला तरी पायांचं काम पळण्यापुरतंच. पाच माणसं इकडे, पाच तिकडे, बायका-पुरुष एकत्र, प्रत्येकाच्या कमरेला दोन फिती. चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत समोरच्याने ओढली की तो डाव तिथे संपला. यात सगळा भार क्वार्टरबॅकवर. त्याने चेंडू हातात घ्यायचा, कोण मोकळं आहे ते दोन क्षणांत बघायचं आणि त्याच्या हातात नेमका फेकायचा. पॉसम्सचा क्वार्टरबॅक खाणीत नोकरी लागल्यामुळे पर्थला गेला होता. तो असतानाही टीम जिंकत नव्हती, पण निदान कोणामुळे हरलो ते सांगता येत होतं.

नव्या अध्यक्षाला पहिल्याच दिवशी कळलं की मोसमात एकही सामना न जिंकणाऱ्या टीमची स्पर्धेतली जागा पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमला मिळते. तीन सामने उरले होते. बाहेर ताटकळणाऱ्या टीम भरपूर होत्या, कारण त्या वर्षी सिडनीत जागा मिळेल तिथे विद्यार्थीच विद्यार्थी झाले होते. हॅरिस पार्कातल्या फ्लॅटांमध्ये एकेका गादीवर दिवसाचा एक आणि रात्रीचा एक असे दोन भाडेकरू होते. श्रीनिवासच्या मागच्या खोलीतही यतीन नावाचा नाशिकचा मुलगा राहत होता. तो डेटा ॲनालिटिक्स शिकायचा आणि गोदामात खोकी उचलायचा.

क्लब बुडाला तर बुडू दे, असं श्रीनिवासला म्हणता आलं असतं. पण मागच्या वर्षी त्याने नोकरी बदलली आणि टार्निटचं घर, निहारिकाची शाळा, तिच्या मैत्रिणी, सगळं मेलबर्नला सोडून तिला इथे आणलं. ती भांडली नाही, रडली नाही, नुसती गप्प झाली. दुपारचा डबा शाळेच्या लायब्ररीत एकटी खाते हे तिच्या आईला, मेधाला, फार उशिरा कळलं. मग एके दिवशी मागच्या कुंपणावरून पॉसम्सचा चेंडू परसात आला, तो परत द्यायला निहारिका मैदानात गेली आणि दिवेलागणीपर्यंत परतलीच नाही. परत आली ती हसत होती. ते हसणं श्रीनिवासने जवळजवळ वर्षाने ऐकलं होतं. त्यामुळे क्लब बुडू देणं त्याला शक्य नव्हतं.

त्याचं घर मैदानाला पाठ लावून असल्यामुळे आणि तिथे चहा नक्की मिळत असल्यामुळे आसपासची मराठी मंडळी पॉसम्सची कट्टर चाहती झाली होती. खेळाचे नियम कोणालाच धड माहीत नव्हते, म्हणून चर्चा रंगायची. रविवारी सगळे जमले. नरेंद्र एका बँकेच्या आयटीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि घरीसुद्धा प्रेझेंटेशन दिल्यासारखा बोलायचा.

"हा सरळसरळ रिसोर्सिंगचा इश्यू आहे," तो म्हणाला. "जॉब डिस्क्रिप्शन बनव, शॉर्टलिस्ट कर, दोन राउंड घे. एक टेक्निकल, एक कल्चर फिट."

"मला नवीन कार्यकारिणीविषयी बोलायचं आहे," सहा महिन्यांसाठी आलेले पद्माकरराव खुर्चीतून म्हणाले.

"कार्यकारिणी म्हणजे मीच आहे, बाबा."

"म्हणूनच बोलायचं आहे."

सुचित्रा ही नरेंद्रची बायको. तिच्या मते टीमला आत्मविश्वास नव्हता आणि जर्सीचा करडा रंग त्याला कारणीभूत होता. पद्माकररावांच्या मते क्वार्टरबॅक उंच हवा, शिवाय चांगल्या घरातला हवा, कारण बाकीच्यांनी त्याचं ऐकायला पाहिजे. नरेंद्रने जुन्या क्वार्टरबॅकचे सगळे दोष सांगितले, तो गेल्यामुळे टीमचं किती नुकसान झालं हेही सांगितलं, आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या. मेधा पोळ्या लाटता लाटता आतून म्हणाली, "ज्याला आजूबाजूला बघता येतं असा कोणीतरी शोधा." चर्चा पुन्हा जर्सीच्या रंगावर गेली.

शेवटी नरेंद्रने आपल्या ऑफिसातला एक अमेरिकन सुचवला. अमेरिकन म्हणजे हा खेळ रक्तातच असणार. हे मान्य करणारा श्रीनिवास स्वतः या देशात आल्यापासून ऑफिसच्या प्रत्येक क्रिकेट सामन्यात भारतीय म्हणून स्पिन टाकायला उभा केला जात होता आणि दर वेळी त्याला चेंडू झाडीतून शोधून आणावा लागत होता. तरी त्याला शंका आली नाही. तो अमेरिकन गृहस्थ शनिवारी आला, मैदानाच्या कडेला चटई पसरून अर्धा तास प्राणायाम केला, श्रीनिवासने श्वास नीट सोडावा असं सुचवलं आणि निघून गेला. चेंडूला त्याने हातही लावला नाही.

ग्लेन मात्र निश्चिंत होता. त्या दिवशी त्याने चेंडू थेट श्रीनिवासच्या हातात दिला, डोळा मारला आणि म्हणाला, "कम ऑन, प्रेसिडेंट. आता फार लाजू नकोस." श्रीनिवासने फेकला. चेंडू वर गेला, जरासा विचार केला आणि मागच्या बाजूला उभ्या असलेल्या ग्लेनच्या गाडीच्या काचेवर पडला. ग्लेन बराच वेळ काचेकडे आणि मग श्रीनिवासच्या खांद्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, फसवणूक झाल्याचं दुःख होतं. श्रीनिवासला त्याचं कारण कळेना. त्या शनिवारचा सामना पॉसम्स अर्थातच हरले.

मग जाहीर निवेदन द्यायचं ठरलं. श्रीनिवासने महाराष्ट्र मंडळाच्या कोजागिरीचं जुनं निवेदन उघडलं, कोजागिरीच्या जागी क्वार्टरबॅकची निवड घातली, तारीख बदलली आणि सगळ्या ग्रुपांवर सोडून दिलं. आपल्याकडे निवेदनाची शेवटची ओळ माणूस वाचत नाही, ती आपोआप येते. लग्न असो, शोकसभा असो, सहकारी पतपेढीची निवडणूक असो, ती असतेच. तशी ती याही निवेदनात राहिली: कार्यक्रमानंतर अल्पोपाहाराची व्यवस्था आहे, तरी सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.

"व्यवस्था कोणी करायची आहे?" मेधाने फोन समोर धरून विचारलं.

"ती ओळ चुकून राहिली. काढून टाकतो."

"आता कशी काढता? एकदा बोलावल्यावर कोणाला उपाशी पाठवायचं का? पोरं शिफ्ट संपवून येतील."

मेधा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये डॉक्टर होती. आठवडाभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी ही बाई स्वयंपाकघरात मात्र झपाट्याने हलायची. बटाट्याची भाजी, लसणाची चटणी, पोळीत घट्ट गुंडाळून वर चांदीसारखा कागद. हाच रोल ती रोज सकाळी श्रीनिवासला डब्यात द्यायची, आणि श्रीनिवास तो रोज सकाळी विसरायचा. तो फाटकापाशी पोहोचला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून "अहो" अशी हाक यायची. त्याचे हात आपोआप वर जायचे, रोल हातात पडायचा आणि तो मागे न बघता स्टेशनकडे धावत सुटायचा. हे इतक्या वर्षांचं होतं की दोघांपैकी कोणालाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

पहिल्या निवडीला आठ-नऊ जण आले. सगळ्यांनी चेंडू क्रिकेटसारखा फेकला, तो सगळ्यांच्या हातून आडवातिडवा गेला, पण रोल सगळ्यांनी मनापासून खाल्ले. एकाने तर आईची आठवण आली म्हणून डोळे पुसले आणि आणखी एक मागितला. निवड झाली नाही. दुसरा सामनाही पॉसम्स हरले.

पुढच्या निवडीच्या शनिवारी श्रीनिवास फाइल काखोटीला मारून मैदानावर गेला आणि जागच्या जागी थांबला. पॅरामॅटाच्या बाजूने, स्टेशनच्या बाजूने, बसमधून, ई-बाइकवरून पोरं येतच होती. मराठी होती, तेलुगू होती, पंजाबी होती, दोन नेपाळी होते आणि एक कोलंबियन मुलगी होती. पेंडल हिलच्या मैदानात एक अंकल चेंडू फेकायला लावून घरचं जेवण देतात ही बातमी हॅरिस पार्कभर पसरली होती.

"अंकल, थ्रो के बाद लाइन किधर है?" एकाने विचारलं.

"पहले थ्रो तो करो."

"कर दिया, अंकल. वो नाले में गया."

दुसऱ्याने रूममेटची शिफ्ट असल्यामुळे त्याच्या वतीने फेकून त्याचा रोल घेता येईल का असं नम्रपणे विचारलं. नरेंद्रने कल्चर फिटचा राउंड झाडाखाली लावला होता. 'पुढच्या पाच वर्षांत स्वतःला कुठे बघता?' या प्रश्नावर तिथे प्रत्येक जण पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळण्याबद्दल बोलत होता. पद्माकरराव रांगेतून फिरून कोण कोणत्या गावचा ते विचारत होते. यतीन मेधाच्या हाताखाली रोल गुंडाळत होता. निहारिका आणि तिच्या टीममधली सेला नावाची टोंगन नर्स चेंडू गोळा करून करून दमल्या होत्या.

"बाबा, धिस इज नॉट अ ट्रायल," निहारिका म्हणाली. "धिस इज लंच." मग एकदम हळू आवाजात, "आम्ही बाहेर जाणार ना?"

श्रीनिवासने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काही होणार नाही म्हणाला. त्याला स्वतःला ते खरं वाटत नव्हतं.

तेवढ्यात कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, रेंजर आली. शेजारून कोणीतरी तक्रार केली होती. पिवळ्या जाकिटातली ही बाई अतिशय गोड बोलत होती, हीच मोठी अडचण होती, कारण श्रीनिवासची सगळी तयारी भांडणाची होती. त्याने फाइल उघडली. मैदानाचं बुकिंग, विमा, प्रथमोपचाराचा दाखला, सगळ्या खेळाडूंची नोंदणी. कागद पूर्ण असावेत म्हणून त्याने स्वतःचंसुद्धा खेळाडू म्हणून नाव घातलं होतं. पद्माकरराव अभिमानाने बघत होते. रेंजरने सगळं वाचलं, कौतुक केलं आणि विचारलं, "आणि फूड परमिट?"

श्रीनिवासने फाइल पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. कोथरूडच्या सोसायटीत पन्नास वर्षांत कोणी खाऊ घालायची परवानगी मागितली नव्हती.

"नो वरीज," रेंजर म्हणाली. "अर्ज केलात की दहा दिवसांत मिळेल. तोवर या मैदानावर एकही गोष्ट वाटायची नाही."

रोलांची परात मधोमध आणि भोवती भुकेली गर्दी, असं ते दृश्य होतं. काही जण शिफ्ट सोडून आले होते. त्या गर्दीतून मेधा पुढे आली.

"मैदान कुठपर्यंत आहे?" तिने विचारलं.

"त्या कुंपणापर्यंत."

"कुंपणाच्या पलीकडे?"

"तिकडे कोणाचं तरी घर आहे."

"माझं," मेधा म्हणाली. तिने आणि यतीनने परात उचलली आणि दोघं घरात गेली.

मिनिटभराने कुंपणाच्या वर तिचं डोकं आणि खांदे दिसले. ती मेथीच्या वाफ्याच्या कठड्यावर चढली होती. तिने एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पहिला रोल फेकला. तो स्वतःभोवती गरगर फिरत, सरळ रेषेत, मागच्या रांगेतल्या एका लाजऱ्या तेलुगू मुलाच्या हातात जाऊन पडला. त्याने हात पुढे केलाच नव्हता, रोलच त्याच्या हातात आला. मग दुसरा, मग तिसरा. "जैन कोण? कांदालसूण नसलेला हा घे." "टोपीवाल्या, तुझा झाला, आता पाठीमागच्याला मिळू दे." "सेला, मूव्ह लेफ्ट." डावीकडे बघत ती उजवीकडे फेकत होती. कोणी धावत असेल तर तो जिथे पोहोचणार तिथे रोल आधी पोहोचत होता. एकही खाली पडला नाही. रेंजरने खिशातलं नियमांचं पुस्तक बराच वेळ चाळलं. खाजगी जागेतून उडत येणाऱ्या पोळीबद्दल त्यात काही नव्हतं. तिने पुस्तक मिटलं, आणि तिच्याही हातात एक रोल येऊन पडला.

ग्लेन तोंड उघडं टाकून बघत होता. "ते तुम्ही होतात," तो कुंपणाजवळ येऊन म्हणाला.

उलगडा झाला तो श्रीनिवाससाठी फार सुखाचा नव्हता. पॉसम्सचा चेंडू वर्षभर दर आठवड्याला मेथीच्या वाफ्यात पडत होता. मेधा वैतागून तो कुंपणावरून परत भिरकावत होती, आणि तो थेट मैदानाच्या मधोमध ग्लेनच्या छातीवर येऊन आदळत होता. या घरात कोणीतरी जबरदस्त हाताचा माणूस राहतो हे ग्लेनने तेव्हाच ताडलं होतं. सभेत त्या घरचा माणूस आपल्या पायांनी आलेला बघून त्याने त्याचा खांदा दाबला होता. इतिवृत्तात त्याला काडीचा रस नव्हता. म्हणजे आपली बिनविरोध निवड बायकोच्या हातामुळे झाली, हे श्रीनिवासला सगळ्या हॅरिस पार्कसमोर कळलं.

"माझा आक्षेप आहे," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "तिने अर्जच केलेला नाही."

"कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्टही आहे," नरेंद्र म्हणाला. "अध्यक्षांची बायको."

"नोंद घेतली," पद्माकरराव म्हणाले. "सूनबाई, तुम्ही खेळा."

मेधा आधी नाहीच म्हणाली. तिला पळायचं नव्हतं. क्वार्टरबॅकला फारसं पळावं लागत नाही हे ग्लेनने सांगितलं. मग तिने निहारिकाकडे बघितलं. निहारिका कुंपणाची फळी दोन्ही हातांनी धरून उभी होती. मेधाने पदर नसताना पदर खोचल्यासारखं केलं आणि म्हणाली, "बरं. पण शनिवारचे रोल तुम्ही करायचे. आणि बाहेरून कोणी सल्ले द्यायचे नाहीत." पहिली अट श्रीनिवासला जड गेली, दुसरी बाकी सगळ्यांना.

आठवडाभर ती लॅबमधून आल्यावर सराव करत होती. ग्लेन पाटीवर बाण काढून डावपेच समजवायला लागला की ती शांतपणे ऐकायची आणि मग स्वतःच्या पद्धतीने फेकायची. "वाईला मामाकडे उत्सवात आम्ही वाढायला असायचो," तिने एकदा यतीनला सांगितलं. यतीनचे झेलही चांगले निघाल्यामुळे तो टीममध्ये आला होता. "मागणारा मागतोच, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मामी म्हणायची, जो मान खाली घालून गप्प बसलाय त्याचं पान आधी बघ." यतीनने हे ग्लेनला इंग्रजीत सांगितलं. ग्लेनने ते पाटीवर लिहून ठेवलं आणि बाण पुसून टाकले.

शेवटच्या सामन्याला सगळे होते. रोल थोडे करपले होते, श्रीनिवासच्या पोळ्यांना ऑस्ट्रेलियाचा नकाशा म्हणता आलं असतं, पण पोरांनी ते गोड मानून घेतले. फूड परमिट आलं होतं. फक्त यतीन आला नव्हता. गोदामातून ऐन वेळी फोन आला होता, आणि त्याला ती शिफ्ट सोडणं परवडणारं नव्हतं. पॉसम्स चारच उरले. पाच नसतील तर सामना गेला.

"नोंदणी असलेला आणखी कोणी?" पंचाने फाइल उघडत विचारलं.

कागद पूर्ण ठेवण्याचा हा परिणाम होईल असं श्रीनिवासला वाटलं नव्हतं. दहा मिनिटांत तो करड्या जर्सीत, कमरेला दोन फिती लोंबत, ओणवा होऊन आपल्या बायकोला पायांमधून चेंडू मागे देत होता. समोर अर्धं महाराष्ट्र मंडळ उभं होतं. सुचित्रा व्हिडिओ काढत होती. मेधाने त्याला एकच सूचना दिली होती: चेंडू दिलात की कोणाच्या मध्ये येऊ नका. ती त्याने इतकी मनावर घेतली की प्रत्येक डावात चेंडू दिल्याबरोबर तो जिथे कोणी नसेल तिथे जाऊन हात बांधून उभा राहायचा. समोरच्या टीमने सुरुवातीला त्याच्यावर एक माणूस ठेवला होता. थोड्या वेळाने तो माणूस काढून घेतला. हा अपमान श्रीनिवासने गिळला.

सामना मात्र रंगला. मेधाने सेलाला दिला, निहारिकाला दिला, सेला पळाली, निहारिकाने फिती वाचवत गुण मिळवले. समोरचेही युनिव्हर्सिटीतले तगडे विद्यार्थी होते. शेवटचा डाव उरला तेव्हा पॉसम्स पाच गुणांनी मागे होते, आणि शेवटची रेघ ओलांडून चेंडू झेलला तर सहा गुण मिळणार होते. बाहेरून सल्ले द्यायला बंदी असल्यामुळे नरेंद्र दोन्ही हातांनी तोंड दाबून उभा होता. निहारिका कमरेच्या फिती पुन्हा पुन्हा चाचपत होती.

श्रीनिवासने चेंडू मागे दिला आणि सवयीप्रमाणे कोणाच्या मध्ये न येण्यासाठी निघाला. चालता चालता त्याने रेघ ओलांडली आणि कोपऱ्यात मैदानाच्या फाटकाकडे तोंड करून उभा राहिला. हरलेलं त्याला बघवणार नव्हतं. आता मुलीला काय सांगायचं, याचाच तो विचार करत होता. मागे गलका झाला. सेलावर दोघं होते, निहारिकावर एक, टीममधल्या चौथ्यावर एक आणि पाचवा मेधाच्या अंगावर धावत होता.

"अहो!"

श्रीनिवासचे हात वर गेले. हातात काहीतरी पडलं. तो ते छातीशी धरून धावत सुटला, फाटकातून बाहेर पडला आणि स्टेशनच्या दिशेने बराच पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आज शनिवार आहे आणि हातातला रोल फार मोठा आहे.

त्याला परत आणायला निहारिका धावत आली. "बाबा, जिंकलो," ती म्हणाली, मराठीत म्हणाली, आणि एवढी मोठी मुलगी त्याच्या गळ्यात पडली. मागून सेला आणि बाकीचे आले. ग्लेनने त्याचा खांदा पुन्हा दाबला आणि या खेपेस हात तिथेच ठेवला. समोरच्या टीमचा कॅप्टन पंचाला विचारत होता की 'अहो' हा कोणत्या डावपेचाचा संकेत आहे, आणि पंच तो नियमपुस्तकात शोधत होता. श्रीनिवासचा ऊर खरोखरच भरून आला. मान मिळाला म्हणून नाही. मुलीचे हात गळ्यात होते म्हणून.

सोमवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे निघाला, पण नेहमीसारखा नाही. रोल विसरणं त्याने मुद्दाम जमवून आणलं. फाटकाबाहेर सेलाच्या गाडीत पॉसम्सचे दोघं-तिघं निहारिकाला शाळेत सोडायला थांबले होते. त्यांच्याकडे बघून त्याने फाटकाशी पवित्रा घेतला, गुडघे वाकवले, खिडकीकडे नजर रोखली. "अहो" आली, रोल आला, आणि त्याच्या दोन्ही हातांमधून निसटून गवतावर पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

गाडीत हशा पिकला. निहारिका सगळ्यांत मोठ्याने हसत होती. ती खाली उतरली, रोल उचलला, झटकला आणि दहा पावलं मागे गेली.

"बाबा, तिकडे तोंड कर," ती म्हणाली. "तुला न बघताच जमतं."

श्रीनिवासने स्टेशनकडे तोंड केलं आणि हाकेची वाट बघत उभा राहिला.